डॅशची पट्टी जुळली, फायरवॉल जुळली नाही

ट्रॉय, मिशिगनहून एका वाचकाचं पत्र आहे. खासगी विक्रेत्याकडून १९६९ची शेव्हरले कॅमेरो घेतली. जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे गाडीवरचे सगळे मूळ नंबर एकमेकांशी जुळणारे, असं होतं. डॅशबोर्डवरची, गाडीचा ओळख नंबर असलेली पट्टी टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, जुळत होती. नंतर हीटर उतरवला तेव्हा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, पंच केलेला नंबर वेगळाच निघाला. त्याला चार महिने झाले. फोटो मित्रांना पाठवलेत, विक्रेत्याला अजून कळवलेलं नाही, कारण दाव्याला चार वर्षं आहेत. बिलावर ‘ॲज इज’ (आहे त्या स्थितीत, हमीशिवाय) लिहिलंय. आता रंगकाम उरकून घ्यावं की आधी दावा लावावा? जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून हाच प्रश्न मला वारंवार येतो.

रंगकाम आजच थांबवा आणि विक्रेत्याला आजच लेखी कळवा. मिशिगननेही स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडचं (अमेरिकी राज्यांसाठीच्या व्यापारविषयक नमुना कायद्याचं) कलम २-६०७ असं आहे की खोट कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, वाजवी मुदतीत विक्रेत्याला कळवलं नाही, तर खरेदीदाराला कुठलीच दाद मागता येत नाही. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. दाव्याला चार वर्षं मिळतात म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. ती चार वर्षं सहसा गाडी ताब्यात आली त्या दिवसापासून मोजतात, आणि वेळेत कळवलंच नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. चार महिने तुम्ही मित्रांना फोटो पाठवत राहिलात, विक्रेत्याला एक ओळ नाही! चांगली बाजू अशी हातची जाताना पाहून संताप होतो.

रंग का थांबवायचा? व्यवहार मोडून पैसे परत मागायचे, तर गाडीच्या स्थितीत मोठा बदल होण्याआधीच मागावे लागतात.

बिलावरच्या ‘ॲज इज’ला घाबरू नका. तेवढ्या शब्दांनी मालकीहक्काची हमी, म्हणजे गाडी विकण्याचा हक्क विक्रेत्याला होता ही हमी, सहसा बुडत नाही. जाहिरातीतल्या शब्दांचं वजन मात्र तुमचा करार वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

फरक इंजिन ब्लॉकवरच्या नंबरात असता, तर प्रश्न मुख्यतः किमतीचा होता. इतक्या वर्षांत इंजिनं बदलली जातात. फायरवॉल सहजी बदलत नाही. कधी अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा पुढचा भाग जोडलेला असतो, पण पट्टी परक्या गाडीची आणि ही गाडी चोरीची असण्याचीही शक्यता आहे. तसं निघालं तर गाडी जप्त होऊ शकते. म्हणून पट्टीच्या फुलासारख्या रिव्हेटांना हात लावू नका. नंबर जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. नंबरात फेरफार झाल्याचं माहीत असताना गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारली, तर दहा वर्षांपर्यंत.

जे अजून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी हीटरमागचा नंबर पाहण्याची अट घालावी. विक्रेता नाही म्हणाला, तर उठून यावं. १९६९च्या कॅमेरोचा तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर ती एसएस (‘सुपर स्पोर्ट’ ही महागडी आवृत्ती) आहे की नाही हेही सांगत नाही, त्यामुळे पट्टीच्या जोरावर जास्त किंमत मोजू नका.

पत्रात दोन्ही नंबर, फोटो आणि नंबर सापडल्याची खरी तारीख लिहा. तारीख मागेपुढे करू नका. सर्टिफाईड मेलने पाठवा, पावती जपा. पोलिसांकडे जाण्याआधी वकील सोबत घ्या.