जायबंदी हुकरच्या जागी फ्लायहाफ: निवड बरोबर होती की नशीब?

प्रश्न खरं तर दोन आहेत. २०२३च्या रग्बी विश्वचषकात हुकर माल्कम मार्क्स सरावात गुडघा दुखावून बाहेर गेला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेने त्याच्या जागी हुकर न बोलावता हान्ड्रे पोलार्ड हा फ्लायहाफ, म्हणजे दहा नंबरचा, किक मारणारा गडी बोलावला. हे शहाणपण की नशीब? आणि परदेशी क्लबांकडून खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघात घ्यावं का? दुसऱ्याचं शेवटी बघू. पहिल्याचं उत्तर: नशीब. थोडं शहाणपण होतं, पण लोक ते भलत्याच जागी शोधतात.

मी हुकर खेळायचो. म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांचे आठ-आठ जण भिडून ढकलतात तिथे, पुढच्या फळीच्या मधोमध. आणि लाइनआउटला, चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधून परत आत टाकतात तिथे, फेकणारा. त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

या विषयावर कुठेही बोला, एकच वाक्य फिरून फिरून येतं: 'कप जिंकला ना, मग निवड बरोबरच.' हेच वाक्य मी कित्येक वर्षं एका माणसाच्या तोंडून ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या विभागीय संघाची निवड होती. पहिला हुकर माझ्यापेक्षा सरस होता, त्याच्या जागेवर मी कधी डोळा ठेवला नाही. मला हवी होती ती सोळा नंबरची जर्सी, म्हणजे राखीव हुकरची. यादी लागली आणि सोळा नंबरवर एक फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला लागणारा गडी. पोरगा चांगला होता, टॅकल जबरदस्त, पण हुकर म्हणून खेळून त्याला दोन हंगाम उलटले होते. मी सरांकडे गेलो.

"सर, स्क्रममध्ये तो उभा राहील. लाइनआउटला फेकणार कोण?"

"अरे, चेंडू सरळ फेकायचाय. आठवड्याभरात हात बसेल त्याचा. तू फक्त हुकर. तो तीन जागी चालतो. जी जागा वाचेल तिथे मला आणखी एक किकर घेता येतो."

तो आणखी एक किकर म्हणजे माझा मित्र. पुढे त्याने माझ्या मावसबहिणीशी लग्न केलं, त्यामुळे त्याला टाळायची सोयही उरली नाही.

अंतिम सामन्यात पहिल्या सत्रातच आमच्या हुकरचा खांदा गेला आणि फ्लँकरसाहेब आत आले. मी टचलाइनवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोन रांगांच्या मधून चेंडू सरळ टाकला की झालं लाइनआउट. प्रत्यक्षात फेकणारा जिथे चेंडू टाकतो तिथे त्या क्षणी कुणीच नसतं. जम्पर, म्हणजे उडून चेंडू झेलणारा, आणि त्याला उचलणारे दोघे अजून पोचायचे असतात. पुढच्या जम्परला चेंडू सपाट आणि वेगात लागतो, मागच्याला समोरच्यांच्या बोटांवरून अलगद. आणि हे करायचं ते स्क्रममधून उठल्या उठल्या, दोन्ही हात शेजारच्या प्रॉप्सच्या पाठीवर आवळून बधिर झालेले असताना. आठवड्याभरात हात बसतो तो ताज्या दमाच्या माणसाचा, मोकळ्या मैदानावर, समोर कुणी उडी मारत नसताना.

पहिला थ्रो वाकडा गेला. दुसरा जम्परच्या डोक्यावरून. तिसरा त्यांच्या लॉकने, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या उंच गड्याने, आमच्या जम्परच्या पुढ्यातून उचलला. मग एक गोष्ट झाली जी स्कोअरशीटवर कुठेच नाही. त्यांचा फ्लायहाफ चेंडू मुद्दाम बाहेर मारायला लागला. एरवी चेंडू टचमध्ये मारणं म्हणजे समोरच्याला थ्रो बहाल करणं, शक्यतो कुणी उगाच करत नाही. ते लोक थ्रो आम्हाला बहाल करत होते आणि आम्हालाच घाम फुटत होता.

त्या मोसमातले आमचे निम्मे ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) पाच मीटरवरच्या लाइनआउटमधून मॉल, म्हणजे चेंडू धरलेल्याभोवतीचा घोळका, ढकलत आले होते. तेच आमचं मुख्य हत्यार. कप्तानाने ते म्यान केलं. पेनल्टी मिळाली की कोपऱ्यात मारायचं सोडून तो गोलपोस्टकडे बोट दाखवायला, म्हणजे तीन गुणांची किक मागायला लागला. दुसऱ्या सत्रात आमचा पहिला फ्लायहाफ लंगडत बाहेर आला, मित्र आत गेला, त्याला ज्या किक मिळाल्या त्या त्याने घातल्या. शेवटची बऱ्यापैकी लांबून. आम्ही जिंकलो. त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघितलंस?"

बघितलं होतं. सरांपेक्षा जास्त बघितलं होतं. किकरची एवढी गरज पडली कारण लाइनआउट मोडलं होतं. लाइनआउट मोडलं कारण हुकर नव्हता. हुकर नव्हता कारण त्याच्या जागेवर किकर घेतला होता. मित्र यावर एकच बोलतो, "जिंकलो ना?" त्याच्यापुढे तर्क चालत नाही, कारण पदक त्याच्या भिंतीवर आहे. (माझ्याकडेही आहे, चमूतल्या सगळ्यांना दिलं होतं. ते वेगळं.)

आता दक्षिण आफ्रिका. मार्क्स गेल्यावर त्यांच्याकडे जाणता हुकर एकच उरला, बोंगी म्बोनाम्बी. त्याच्यामागे डिऑन फुरी आणि मार्को व्हान स्टाडेन, दोघेही तोवर मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळणारे. दुसरीकडे फ्लायहाफ मानी लिबॉक हातात चेंडू असताना सुंदर खेळत होता, पण गोलकिकचा भरवसा नव्हता. आयर्लंडविरुद्ध १३-८ असे हरले त्यात चुकलेल्या किकचा वाटा सगळ्यांनी पाहिला. त्याच्या आधीच पोलार्डला बोलावलेलं होतं. पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळच्या ३३ जणांत नव्हता. नियम असा की जायबंदी खेळाडूच्या बदल्यात एकदा दुसरा घेतला की गेलेला परत येत नाही. म्हणजे हा निर्णय एका सामन्यापुरता नव्हता, उरलेल्या सगळ्या स्पर्धेचा होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध लिबॉकला अर्ध्या तासात काढून पोलार्डला आणलं, शेवटच्या काही मिनिटांत त्याने जवळपास ५० मीटरवरून पेनल्टी घातली, १६-१५. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११, बाराच्या बारा गुण पोलार्डचे. झालं, मास्टरस्ट्रोक.

पण इंग्लंडविरुद्धची ती पेनल्टी मिळवली कुणी? स्क्रमने. ऑक्स न्चे नावाच्या प्रॉपने दुसऱ्या सत्रात येऊन समोरची बाजू मोडून काढली, म्हणून पोलार्डला किकसाठी चेंडू ठेवता आला. पाठ्यपुस्तकात छापावा असा स्क्रम होता तो, आणि फोटो सगळीकडे किकचा. आणि अंतिम सामन्यात? पहिल्या काही मिनिटांतच म्बोनाम्बीच्या पायावर न्यूझीलंडचा फ्लँकर कोसळला आणि तो बाहेर. ज्याची भीती होती तेच, आणि तेही जवळजवळ संपूर्ण सामना बाकी असताना. ३७ वर्षांच्या फुरीने उरलेला सामना ओढला आणि दक्षिण आफ्रिकेचं लाइनआउट डळमळत राहिलं. ते बघताना माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या तेवढ्या नव्हत्या.

त्यात सॅम केनला लाल कार्ड मिळून न्यूझीलंड पन्नासहून जास्त मिनिटं १४ जणांनी खेळलं. तरी फरक एका गुणाचा. त्यांच्या ब्यूडन बॅरेटच्या ट्रायनंतरचं रूपांतर, म्हणजे दोन गुणांची किक, मोउंगाने चुकवलं, शेवटाकडे जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी बाहेरून गेली. दोनांतली एक जरी आत गेली असती, तरी आज याच प्रश्नावर लोकांनी लिहिलं असतं की हुकरच्या जागी फ्लायहाफ घेणारा माणूस वेडा होता. निर्णय तोच, माणसं तीच, फक्त समोरच्याची किक हातभर इकडे. मग निवड त्या किकवरून कशी जोखायची?

याच विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा प्रशिक्षक एडी जोन्सनेही जुगार खेळला. मायकेल हूपर आणि क्वेड कूपर हे दोघेही ऑस्ट्रेलियाच्या संघातून बाहेर, फ्लायहाफच्या जागी कार्टर गॉर्डन हा नवखा पोरगा. फिजीकडून हरले, वेल्सने ४०-६ असं धुतलं, ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा गटसाखळीतच बाद. त्याला कुणी मास्टरस्ट्रोक म्हणत नाही. एका जागेवरचा आधार काढून घेण्याचा निर्णय दोघांचाही होता. एकाचा पडला, एकाचा तरला.

मित्र इथे २०११चा विश्वचषक काढणार, मला माहीत आहे. तर तेही घेऊ. न्यूझीलंडचा डॅन कार्टर सरावात गेला, कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व फेरीत, आरन क्रूडन खुद्द अंतिम सामन्यात. मग आला स्टीफन डोनाल्ड, जो मूळ संघात नव्हता आणि बोलावणं आलं तेव्हा नदीवर मासे धरत होता. त्याने पेनल्टी घातली, फ्रान्सवर ८-७. म्हणजे फ्लायहाफही संपतात, हे मान्य. पण नीट बघा, न्यूझीलंडने काय केलं? फ्लायहाफ गेल्यावर फ्लायहाफच बोलावला. प्रत्येक वेळी. सेंटरला 'आठवड्याभरात हात बसेल' म्हणून दहा नंबरवर उभा केला नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, त्याच्या नाही.

निवडीवर वाद घालायचाच असेल तर शिट्टी वाजण्याआधी घाला. २३ जणांची यादी समोर ठेवा, पंधरांवर पाचच मिनिटं घालवा आणि उरलेला वेळ सोळा ते तेवीसवर. तिथे खरी निवड असते. पुढच्या फळीचे तीन राखीव नियमानेच हवेत, कारण ती फळी अपुरी पडली की स्क्रम नुसता नावापुरता लागतो आणि ज्याचा स्क्रम भारी त्याचं नुकसान होतं. म्हणजे उरतात पाच जागा. दक्षिण आफ्रिकेने अंतिम सामन्यात आठ राखीवांपैकी सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये भिडणारे, ठेवले. मागच्या फळीसाठी एकटा विली ले रू, राखीव स्क्रमहाफ (स्क्रममधून चेंडू काढून देणारा) नाही. त्या जागेवरचा फाफ डी क्लर्क दहाव्या मिनिटाला गेला असता तर? असे 'तर' विचारणं म्हणजे निवडीवर बोलणं. 'अमक्याचा फॉर्म बघा' हे गुणफलकावर बोलणं झालं.

शहाणपण होतं ते इथे, या सात-एकमध्ये. पोलार्डमध्ये नाही. स्क्रमला दुसऱ्या सत्रात ताजी फळी मिळावी हा विचार आधीपासून केलेला होता, २०१९च्या सहा-दोनपासून. पोलार्ड त्या यंत्राच्या टोकाला उभा होता.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. घ्यावं. पोलार्ड तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरकडून खेळत होता, जाँ क्लेन आयर्लंडच्या मन्स्टरकडून. क्लेन तर २०१९च्या विश्वचषकात आयर्लंडच्या संघात होता, पात्रतेचा नियम बदलल्यावर २०२३ला दक्षिण आफ्रिकेकडून कप घेऊन गेला. बंदी घालणाऱ्या संघटना खेळाडूंवर ताबा ठेवायला ती घालतात, त्यात देशभक्तीचा भाग कमी. परदेशी क्लब खेळाडूला ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळापुरताच सोडतो आणि सगळे चांगले बाहेर गेले तर घरची स्पर्धा बघायला कुणी येत नाही. ही अडचण खरी आहे. पण वेल्सने २०१७ला परदेशी क्लबात खेळणाऱ्यासाठी देशाच्या ६० सामन्यांची अट घातली आणि २०२३ला ती २५वर आणावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१५ला ६० सामने आणि घरच्या रग्बीत सात वर्षं अशी अट करून परदेशात खेळणाऱ्या मॅट जिटोला परत घेतलं आणि अंतिम फेरी गाठली. इंग्लंडने २०१४चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू स्टेफन आर्मिटाज फ्रान्समध्ये खेळतो म्हणून बाहेर ठेवला आणि घरच्याच विश्वचषकात गटातून बाद झाले. आर्मिटाज असता तर जिंकले असते असं नाही. पण कारण बघा काय दिलं ते.

फुरीवर थोडा अन्याय झाला वरती, तेवढा दुरुस्त करतो. तो तरुणपणी हुकरच होता, फ्रान्सला गेल्यावर फ्लँकर झाला. म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे प्रशिक्षक इरास्मस आणि निनाबरने अगदी अनोळखी माणूस तिथे ढकलला नव्हता, आणि ३७व्या वर्षी त्याने जे केलं ते मला विशीत जमलं नसतं. शिवाय दक्षिण आफ्रिका १९९५ आणि २००७चे अंतिम सामनेही एकही ट्राय न करता जिंकली आहे, तेव्हा किकर त्यांच्याकडे चैनीची वस्तू कधीच नव्हता. हा मुद्दा मित्राला अजून सुचलेला नाही. सुचल्यावर तो आपलाच म्हणून सांगेल.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी खुशाल आपला संघ लिहावा. पण दहा नंबरच्या आधी सोळा नंबर लिहा, आणि तो नेहमी कुठल्या जागेवर खेळतो तेही.