रिफ म्हणजे तुकडा, मुखडा की लेहरा?

प्रश्न असा आहे: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडवरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना 'रिफ'साठी (म्हणजे गाण्यात परत परत वाजणाऱ्या छोट्या सुरावटीसाठी) 'तुकडा' चालेल का, की 'मुखडा' बरा?

'तुकडा' नको. तबल्यातला तुकडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि संपतो. रिफचा सगळा जीव परत परत येण्यात. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'मधली (१९७२) गिटारवादक रिची ब्लॅकमोरची रिफ चारच सुरांची आहे. नव्याने गिटार घेतलेला प्रत्येक मुलगा तीच वाजवत बसतो आणि घरच्यांना वीट आणतो. मुखड्याला शब्द असतात, तो गायचा. 'पालुपद' अर्थाने जवळ येतं, पण तेही शब्दांचंच.

माझं मत 'लेहरा'ला. एकल तबलावादनात किंवा कथकात सारंगीवाला नाहीतर पेटीवाला आवर्तनात बसणारी एकच सुरावट फिरवत ठेवतो, तो लेहरा. कान त्याला सरावले असतील तर रॉकमधल्या बऱ्याच गोष्टी चटकन उलगडतात. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'त (१९७३) रॉजर वॉटर्सची बेस गिटारवरची रिफ सात मात्रांची आहे. मांडीवर सात मात्रांचा रूपक ताल धरून पाहा, बसतो. (टाळी-खालीचा हट्ट मात्र नको.) डेव्हिड गिल्मोरचा गिटार सोलो सुरू झाला की मात्रा चारच्या होतात आणि आपला हात चुकतो. लेड झेपेलिनच्या 'काश्मीर'मध्ये (१९७५) तर याहून मजा आहे: गिटारची रिफ तीन-तीनची, जॉन बोनमचे ड्रम चार-चारचे. दोघं बाराव्या मात्रेनंतर एकत्र येतात, तेव्हा 'आली सम' असं तोंडून निघतंच. गाण्याच्या नावावर जाऊ नका. त्याचे शब्द बँडचा गायक रॉबर्ट प्लांटला मोरोक्कोच्या वाळवंटातून जाताना सुचले होते.

तरीही अनुवादात मी 'लेहरा' लिहिणार नाही. लेहरा दुसऱ्यासाठी काळ धरतो, मागे राहतो. रिफ पुढे येऊन बसते, गाणं तिच्यावरून ओळखलं जातं. ब्लॅक सॅबथच्या 'आयर्न मॅन'मध्ये (१९७०) गायक ओझी ऑझबर्न चक्क गिटारवादक टोनी आयोमीच्या रिफचीच चाल गातो. आपल्याकडे सारंगी गळ्यामागून जाते. इथे गळाच गिटारमागून चाललाय! हे 'लेहरा' शब्दात मावत नाही.

म्हणून 'रिफ'च ठेवा. जॅझवाल्यांकडून रॉकवाल्यांनी उचलला, त्यांच्याकडून आपण. लिहिताना ऱ्हस्व. उपान्त्य इकार दीर्घ करण्याची आपली सवय इथे आड येते, पण 'रीफ' लिहिलंत तर समुद्रातलं प्रवाळ डोळ्यांसमोर येईल. लिंगाबद्दल मतभेद होतील. 'चाल', 'सुरावट', 'तान' यांच्या पंगतीत बसवून मी स्त्रीलिंगी वापरतो.

अनुवादात पहिल्यांदा येईल तिथे एवढं पुरे: 'ब्लॅकमोरची ती रिफ, म्हणजे गाणंभर लेहऱ्यासारखी फिरत राहणारी चार सुरांची ओळ'. पुढे नुसतं 'रिफ'.