थायलंडमधला सावल्यांचा खेळ म्हणजे आपल्याच रामायणाची नक्कल ना? आठ दिवसांच्या सहलीत, मुलं (८ आणि ११) बरोबर असताना, त्यासाठी वेळ काढावा का? आणि कुठे बघावा?

वेळ काढा. कुठे ते खाली लिहितो. पण आधी तुमच्या प्रश्नातल्या 'नक्कल' या शब्दाबद्दल बोलू द्या, कारण तो मी बारा वर्षं ऐकतोय आणि तोही घरातल्या माणसाकडून.

मी सहा वर्षं दक्षिण थायलंडमध्ये हाट याईजवळ रबराच्या कारखान्यात होतो. थाई भाषा शिकलो ती कारखान्यात आणि बाजारात, म्हणजे दक्षिणेकडची, शब्द तोडून भरभर बोलतात ती. बँकॉकच्या लोकांनाही ती नीट कळत नाही. हे सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येतो.

तुम्ही ज्याला एक खेळ समजताय ते दोन आहेत. 'नांग याई' हा मोठ्या चामड्यांचा खेळ. गाईच्या कातड्यावर कोरलेलं अख्खं चित्र, काही तर माणसापेक्षा उंच, एकही सांधा हलत नाही. हलतो तो माणूस. नाचणारा ते डोक्यावर धरून पडद्याच्या मागे आणि पुढेही नाचतो, शेजारी निवेदक बोलतात, 'पीफात' नावाचा वाद्यवृंद वाजतो. तिथे गोष्ट रामाकियनचीच, म्हणजे त्यांच्या रामायणाची. दुसरा 'नांग तालुंग', दक्षिणेचा. बाहुल्या हातभर, रंगीत, त्यामुळे सावलीही रंगीत पडते. पडद्यामागे एकच माणूस बसतो, त्याला 'नाई नांग' म्हणतात. राजा, राणी, राक्षस, विदूषक, सगळ्यांचे आवाज तोच काढतो, गाणीही तोच म्हणतो. पुढ्यात केळीचा सोट आडवा टाकलेला असतो, ज्या बाहुलीचं काम नाही ती त्यात खोचून ठेवायची. 'नांग' म्हणजे चामडं. पुढे सिनेमा आला तेव्हा त्यालाही लोक नांगच म्हणू लागले, आजही म्हणतात. पडद्यावर जे दिसतं त्याला त्या भाषेत चामडं हाच शब्द आहे, यावरून हा खेळ किती मुरलेला आहे ते बघा.

आता दादांची गोष्ट. दादा म्हणजे माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, कुडाळचे. 2013 च्या मे महिन्यात ते आमच्याकडे आले. येताना बँकॉकला वाट फ्रा केओ हे देऊळ बघितलं होतं. तिथे भिंतीवर रामाकियनची 178 चित्रं आहेत, आणि गाइडने त्यांना सांगितलं होतं की यांच्या हनुमानाचं सुफन्नमच्छा नावाच्या मत्स्यकन्येवर प्रेम बसतं, ती रावणाची मुलगी, आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. दादा विमानतळापासूनच तापलेले. "मारुतीक बायल खंयसून इली?" मी म्हटलं, आपल्याकडे मकरध्वज आहेच की, मारुतीच्या घामाचा थेंब मासोळीने गिळला आणि झाला. ते म्हणाले, ते वेगळं.

त्याच आठवड्यात कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या गावी नांग तालुंग होतं, फत्तालुंगजवळ, आमच्यापासून दीड तासावर. त्याच्या आईचा नवस होता. तिथे एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या मुलांना लष्करासाठी चिठ्ठी उचलावी लागते. लाल निघाली तर भरती, काळी निघाली तर सुटका. धाकट्याची काळी निघाली तर देवळात खेळ लावीन असं माउली बोलली होती, आणि काळी निघाली. नवसाचा खेळ कुणीही करू शकत नाही. ज्या नाई नांगवर गुरूने विधी करून हात ठेवलाय त्यालाच तो अधिकार. कोकणातल्या माणसाला यातलं काय समजावून सांगायला हवं होतं? मला वाटलं होतं दादा तिथे जाऊन रमतील.

सुरुवातीला रमलेही. खांबांवर उभी केलेली उंच खोपी, पांढरा पडदा, आत दिवा. आम्ही चटईवर, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी. आधी ऋषी आला, मग फ्रा इसुआन, म्हणजे शंकर, नंदीवर बसून. नंदीला ते उसुफरात म्हणतात, म्हणजे आपला ऋषभराज. पडद्यावर तो बैल डुलत डुलत नाचला तेव्हा दादांनी हात जोडले. मी बघितलंय. त्यानंतर हातात फूल घेतलेला राजकुमार येऊन गुरूला आणि आईबापांना वंदन करून गेला, मग एका विदूषकाने आज कोणती गोष्ट ती सांगितली, आणि राजाचा दरबार भरला.

राम आलाच नाही. नवसापुरता रामाकियनचा तुकडा पुढे कधीतरी येणार होता, पण रात्रीची गोष्ट वेगळीच होती, नाई नांगने रचलेली, राजपुत्राची आणि वनवासाची. हल्ली बहुतेक ठिकाणी असंच असतं. दादा कुजबुजले, "ह्या काय रामायण न्हय."

मग तेंग आणि नुई आले. हे तिथले लाडके विदूषक. तेंग काळाकभिन्न, उंच, सडपातळ, चौकड्याची लुंगी. नुईचं तोंड गाईसारखं, ओठ लोंबलेला, हातात अडकित्ता. राजघराणं प्रमाण थाईत बोलतं, हे दोघे गावच्या बोलीत, आणि यांचा जबडा दोरीने हलतो. लोक येतात ते यांच्यासाठी. त्या रात्री विषय होता रबराचा भाव, 2011 ला चढलेला तो उतरत चालला होता. पुढे ऑगस्टमध्ये शेजारच्या नाखोन सी थम्मारात प्रांतात रबराच्या शेतकऱ्यांनी रस्ता आणि रेल्वे अडवली, तो राग मी तीन महिने आधी तेंगच्या तोंडून ऐकला. वर्तमानपत्रात तोवर काही नव्हतं.

बोलता बोलता नुईने आमच्याकडे अडकित्ता केला. "तेंग, समोर दोन खाएक बसलेत. आपण गोष्ट बरोबर सांगतोय का ते तपासायला आलेत काय?" खाएक म्हणजे भारतीय, आणि खाएक म्हणजे पाहुणाही. अख्खं पटांगण मागे वळून हसलं. मीही हसलो. दादांनी विचारलं काय म्हणाला, मी जसंच्या तसं सांगितलं, आणि ते उठले. तडक गाडीत जाऊन बसले. ज्या बाईचा नवस होता ती केळीच्या पानातला चिकट भात घेऊन गाडीपर्यंत आली. दादांनी काच खाली केली नाही. अकराच्या आत आम्ही निघालो. नवस 'कापतात', म्हणजे फेडून मोकळे होतात, तो विधी पहाटेकडे होता, तो राहिला. त्या माउलीसमोर मला त्या रात्री जेवढी लाज वाटली तेवढी परदेशात कधी वाटली नाही.

तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, दादांचं ठरलेलं वाक्य: "तिकडे आपल्या रामायणाची नक्कल करतात, वर आपलीच चेष्टा."

नक्कल कशाला म्हणतात? दादा दरवर्षी जत्रेत दशावतार बघायला पहाटेपर्यंत बसतात. तिथेही आधी गणपती, मग संकासुर, मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. राजा शुद्ध बोलतो आणि विनोदी पात्र मालवणी. समोर सरपंच बसला असेल तर त्यालाही टोला बसतो आणि सरपंच हसतो. याला दादा कधी व्यासांची नक्कल म्हणाले नाहीत. कला म्हणतात, आणि ती आहेच. मग फत्तालुंगच्या माणसाने तेच केलं तर ती चेष्टा कशी? ज्याला ती माणसं आपली समजतात त्यालाच खेळात ओढतात. आणि "हे सगळं आपल्याकडे आहेच" म्हणणाऱ्या दादांनी घराशेजारच्या पिंगुळीला जाऊन ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या एकदाही बघितलेल्या नाहीत. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेढे मात्र वाटले. गोष्ट आपल्याकडून तिकडे गेली, हे तिथे कुणी नाकारत नाही. पहिला मान ऋषीला आणि शंकराला आजही देतात. पण पुढचं त्यांचं आहे, पिढ्यान्‌पिढ्या हाताला घट्टे पाडून मिळवलेलं.

आता तुमची सहल. बँकॉकहून डाम्नन सादुआकच्या तरंगत्या बाजारात सगळेच जातात, तुम्हीही जालच. तो राचबुरी प्रांतात आहे आणि त्याच प्रांतात फोथारामला वाट खानोन हे देऊळ आहे. तिथे तीनशेहून जास्त जुन्या चामड्यांचं संग्रहालय आहे आणि शनिवारी सकाळी नांग याईचा खेळ होतो. छोटा असतो, मुलं बसतात, पांढऱ्या आणि काळ्या माकडाची मारामारी लागली तर खूश होतील. दक्षिणेला जाणार असाल तर नाखोन सी थम्मारातमध्ये सुचात सापसिन यांचं घर. ते 2006 चे राष्ट्रीय कलाकार, आता हयात नाहीत, पण घरात बाहुल्यांचं संग्रहालय आहे, कातडं कोरताना बघता येतं. मुलांसाठी हे सर्वांत चांगलं.

खरा रात्रीचा नांग तालुंग सहलीत ठरवून मिळत नाही, कुणाचा तरी नवस किंवा देवळाची जत्रा असावी लागते. मिळाला तर सोडू नका. दोन गोष्टी उशिरा सांगतोय: विदूषकांचे विनोद बरेचदा चावट असतात, मुलांना भाषा कळणार नाही म्हणून चालतं. आणि शनिवारचा खेळ सणावारी बदलतो, निघण्याआधी हॉटेलवाल्याला फोन करायला लावा.

आम्ही निघून गेल्यावर काय झालं ते सहकाऱ्याने सोमवारी मला सांगितलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून तेंग म्हणाला, "पाहुणे गेले रे. आता शेवट कोण सांगणार?" नुई म्हणाला, "मग आपलाच करू. त्यांच्यासाठी भात मात्र झाकून ठेव." हे मी दादांना अजून सांगितलेलं नाही. ते इथली उत्तरं वाचतात.