रिमास्टर ऐकताना आधी आवाज सारखा कर

भाऊ, रिमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं सुधारून काढलेली आवृत्ती) लावलं की पहिल्या दहा सेकंदांतच ते भारी वाटतं, कारण ते बहुतेकदा मुळातच मोठ्या आवाजात असतं. कान तिथंच फसतो. म्हणून जुनी सीडी आणि नवी आवृत्ती दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घे आणि मगच तुलना कर.

मग ड्रम ऐक. कडवं शांत असतं आणि ध्रुवपदात सगळा बँड एकदम तुटून पडतो, तिथं स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका अंगावर यायला हवा. तो मागच्या गिटारीत ठप्प होऊन बसला, तर समज कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणं) जास्त झालंय. निर्वाणा या रॉक बँडच्या १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमची मूळ सीडी आणि २०११ चं रिमास्टर शेजारी ठेव, लगेच कळेल. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये दोन्ही उघडलीस तर डोळ्यांनाही दिसेल: एकीकडं उंच-सखल टोकं, दुसरीकडं जवळजवळ विटेसारखा सपाट पट्टा.

झांजेचा झणकार विरतो कसा, तेही बघ. हे मात्र रात्री, कूलर बंद करून. आपल्या जळगावच्या मे महिन्यात ते जिवावर येतं, पण कूलरच्या घरघरीत ती शेवटची शेपटी बुडून जाते. मी दोन उन्हाळे चुकीचा निकाल देत बसलो होतो.

आणि रिमिक्सला रिमास्टर समजू नकोस. रिमिक्समध्ये एकेक वाद्य वेगळं काढून पुन्हा बसवतात. रिमास्टर तयार मिश्रणावरच होतं.