बैल पऱ्हाटीला तोंड का लावत नाही?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचा पोरगा दहावीत हाये. तो म्हणते का कापूस, कडबा, पऱ्हाटी (कापसाचं वाळलं झाड) सगळं एकाच पदार्थाचं, सेल्युलोजचं बनलं हाये. तसं असन तर बैल कडबा आवडीनं खाते अन् पऱ्हाटीला तोंड बी लावत नाही, हे कसं? माणसाले हे सेल्युलोज काहून पचत नाही? चार एकरातल्या पऱ्हाट्या आमी दरसाल बांधावर पेटवून देतो. त्याचं दुसरं काही होते का?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, मुलाचं बरोबर आहे. त्याला एक गोष्ट घरी करून बघायला सांगा. 33 वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं आणि हा धडा नेहमी तिथूनच सुरू केला. बशीत एका बाजूला भाकरीचा तुकडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला सरकी काढलेला कापूस. दोन्हींवर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकायचा. भाकरी बघता बघता काळीनिळी पडते. कापसावरचा डाग मात्र पिवळट-तपकिरीच राहतो.

आता गंमत अशी की भाकरीतला स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच मणी जोडून झालेले आहेत. आन्सेल्म पायाँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1838 साली वेगवेगळ्या झाडांचं लाकूड आम्लाने आणि अमोनियाने धुऊन हा पदार्थ वेगळा काढला, तेव्हा त्यातली मूलद्रव्यं स्टार्चच्याच प्रमाणात निघाली. फरक आहे तो मणी जोडण्याच्या तऱ्हेत. स्टार्चची माळ वेटोळी घेते, त्या वेटोळ्यात आयोडीन शिरतं आणि निळा रंग येतो. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी शेजारच्या मण्याच्या उलटा बसतो, म्हणून माळ सरळ राहते. अशा हजारो माळा एकमेकींना घट्ट धरून बसतात. स्टार्चचा सांधा सोडवणारं विकर (एन्झाइम) आपल्या लाळेतच आहे. सेल्युलोजचा सांधा सोडवणारं आपल्या शरीरात कुठेच नाही.

बैलाजवळही नाही! त्याच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात, ते सेल्युलोज फोडतात. बैल चारा रवंथ करून बारीक करतो, ओला-उबदार ठेवतो आणि त्या जिवांच्या कमाईवर जगतो.

मग पऱ्हाटीने काय घोडं मारलं? आपल्याकडचा जुना कूड आठवा. तुराट्या-पऱ्हाट्या उभ्या करायच्या, वरून शेणमातीने लिंपायचं. झाडाच्या पेशीचीही भिंत अशीच असते. सेल्युलोजच्या काड्या आणि त्यांच्यावर लिग्निन नावाच्या पदार्थाचा लेप. कापसाच्या धाग्यात 90 टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, लेप जवळजवळ नसतोच. कडब्यात लेप आहे, पण पातळ. पऱ्हाटीत मात्र वजनाच्या साधारण पाव हिस्सा लिग्निनच. ते लाकूडच झालं, आणि कोठीपोटातल्या जिवांना हा लेप फोडता येत नाही.

कडब्याचा किंवा गव्हांड्याचा लेप थोडा सैल करता येतो. 100 किलो चाऱ्याला 4 किलो युरिया, सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि 21 दिवस हवाबंद झाका. युरियातून सुटणारा अमोनिया लिग्निनची पकड ढिली करतो. खाऊ घालण्याआधी चारा पसरून उग्र वास जाऊ द्या आणि थोड्यापासून सुरुवात करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊ नका. कोरडा युरिया किंवा त्याचं पाणी ढोराच्या तोंडी गेलं तर ढोर मरतं. ती पिशवी गोठ्यात ठेवूच नका.

पऱ्हाटीवर हा उपाय चालत नाही. तिचा लेप बुरशी फोडते. माझ्या भावाने गोठ्यामागच्या खोलीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम, खाण्याची बुरशीच ती) लावली होती. पऱ्हाटीचे बारीक तुकडे रात्रभर भिजवले, गरम पाण्यातून काढले, निथळवले आणि बियाण्याचे थर देत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले. तीनेक आठवड्यांत पिशवी आतून पांढऱ्या जाळीने बांधली गेली. तोडणी संपल्यावर त्यातली एक काडी मी हातात घेतली. जी आधी गुडघ्यावर मोडावी लागायची, ती चिमटीत भिजल्या कागदासारखी चुरली. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली भिंत माझ्या बोटांत सुटली होती. उरलेला चोथा त्याने शेणखतात मिसळला.

मुंबईतल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबून फळ्या, जळणाच्या कांड्या आणि गोळ्या करायच्या पद्धती बसवल्या आहेत. ते कारखान्याचं काम आहे. पण गावातल्या चार-पाच जणांनी मिळून श्रेडर (काड्यांचा भुगा करणारं यंत्र) भाड्याने आणला, तर भुगा वावरातच कुजवता येतो. नुसता भुगा टाकू नका. त्यात नत्र फार कमी असल्याने कुजवणारे जीव ते जमिनीतून ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. शेणकाला घाला.

तुम्ही पेटवता ते गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने, हे मी जाणते. धास्ती खरी आहे, ती अळी उरलेल्या बोंडांत दडून बसते. म्हणून शेवटच्या वेचणीनंतर आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, त्या बोंडं खाऊन टाकतील. मग लगेच उपटून भुगा करा, बांधावर गंजी रचून ठेवू नका. धिंगरीसाठी थोड्या ठेवायच्या असतील तर बोंडं झाडून, वाळवून छपराखाली ठेवा. काळी पडलेली काडी पिशवीत चालत नाही.