दारू एकाएकी बंद केली तर घरी सांभाळता येते का?

डिचोलीतील आपले थोरले बंधू बरीच वर्षे सकाळपासूनच फेणी घेतात, श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून ती कायमची सोडण्याचे त्यांनी ठरवले आहे आणि पहिले चार दिवस त्यांना खोलीत कोंडून ठेवले तर भागेल का, असे आपण विचारले आहे. निश्चय उत्तम आहे, पण कोंडून ठेवू नका. आणि डॉक्टरांना भेटण्यापूर्वी त्यांची दारू एकदम बंदही करू नका. मी गोव्यात वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले आहे. घरचे लोक ज्याला मनाचा कमकुवतपणा समजतात, तो पुष्कळदा शरीराचा खराखुरा आजार असतो.

दारू मेंदूची उत्तेजना सतत दाबून ठेवते, म्हणून तोल राखण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की दाब जातो आणि वाढलेली उत्तेजना तेवढी मागे राहते. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, मळमळते, झोप उडते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या 48 तासांत येते. खरी भीती त्यानंतरची, साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यानची: ताप व रक्तदाब चढतो, माणसाला स्थळकाळाचे भान राहत नाही, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. पाय मोडून दाखल झालेला, दोन दिवस शहाण्यासारखा वागलेला रुग्ण तिसऱ्या रात्री सलाईन उपसून गोठ्यातली गाय सोडायला निघतो, आणि मग नातेवाईक खालच्या आवाजात सांगतात की ते रोज घेत होते! लाजेपायी लपवलेली ही माहिती दाखल होतानाच दिली, तर पुढचे बरेच टळते.

रुग्णालयात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही मेंदूची उत्तेजना शांत करणारी औषधे देऊन, आणि यकृत बिघडले असल्यास बहुधा लोराझेपाम देऊन, ती मात्रा काही दिवसांत उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, इंजेक्शनने देतात आणि ते ग्लुकोजच्या सलाईनआधी देण्याची काळजी घेतात, कारण त्याच्या अभावी गोंधळ, चालताना तोल जाणे आणि पुढे स्मृतीची कायमची हानी होऊ शकते. डायझेपामसारख्या या गोळ्या फार्मसीतून आणून घरी देऊ नका. त्यांच्यावर कोणी दारू घेतली तर श्वास मंदावतो.

बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, व्यसनावर उपचार होतात. तिथे पाऊल ठेवले की वाड्यावर बोभाटा होईल ही भीती मी पुष्कळ ऐकली आहे. पण तिच्यापायी फिट येईपर्यंत थांबणे मला कधीच पटलेले नाही. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी 14446 आहे. फिट आली किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर थेट 108 ला फोन करा.

हा टप्पा पार पडला म्हणजे व्यसन सुटले, असे मात्र नव्हे. ओढ महिनोन् महिने टिकते. तिच्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट यांसारखी औषधे आणि समुपदेशन लागते. डायसल्फिराम हे दारू घेतल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध रुग्णाच्या नकळत आमटीत कालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका, कारण त्यावर दारू पोटात गेल्यास रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

श्रावणाआधीच बंधूंना घेऊन डॉक्टरांकडे जा. रोज किती पेले, शेवटचा केव्हा, पूर्वी सोडताना फिट आली होती का, यकृताचा त्रास आहे का आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, एवढे कागदावर लिहून न्या. पेल्यांचा आकडा कमी करून सांगू नका. औषधाची मात्रा डॉक्टर त्याच्याही आधारे ठरवतात.