फिलाडेल्फियाला माहितीपटांच्या संकलनासाठी येणाऱ्यांना

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहा वर्षं संकलन केलंय, टेम्पल विद्यापीठात फिल्म अँड मीडिया आर्ट्सच्या एमएफएला (कलेतल्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळालाय, आणि पुढे कृष्णवर्णीय वस्त्यांच्या इतिहासावरच्या माहितीपटांत काम करायचंय. बाहेरच्या माणसाला घेतात का, तयारी काय करायची आणि व्हिसाचं काय?

घेतात. पण संकलक म्हणून लगेच नाही. सहायक म्हणून, आणि त्याहून आधी जुनं फुटेज नीट हाताळणारा माणूस म्हणून. शहरात स्क्राइब व्हिडिओ सेंटर आहे. लुई मसाया यांनी ते १९८२ मध्ये सुरू केलं. त्यांच्या ‘प्रेशस प्लेसेस’ उपक्रमात वस्तीतले लोक आपल्या भागातल्या एखाद्या जागेवर स्वतः लघुमाहितीपट करतात, आणि एक चित्रपटकार व एक अभ्यासक त्यांच्या मदतीला असतात. काय सांगायचं ते वस्ती ठरवते. जाहिरातीत ‘हा शॉट जास्त भारी दिसतो’ एवढं कारण कटला पुरतं. इथे एखाद्या आजीबाईंनी ‘तो कोपरा आमचा नव्हेच’ म्हटलं की शॉट जातो, आणि जायलाच हवा.

आपल्याकडचा धागा खरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकी अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. याच ड्युबॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा घरोघरी फिरून केलेला अभ्यास छापला. येण्याआधी तो वाचाच. मात्र पहिल्याच भेटीत ‘आमचंही अगदी तसंच’ असं पुढे करू नका. आपण जातीच्या उतरंडीत कुठे जन्मलो याचं उत्तर तयार ठेवा. ते विचारलं जातं.

आता साहित्य कुठे आहे ते. टेम्पलच्याच ग्रंथालयात कृष्णवर्णीय इतिहासाचा ब्लॉकसन संग्रह आहे, त्यात जॉन मोस्ली यांनी टिपलेली शहरातल्या कृष्णवर्णीय जीवनाची छायाचित्रं आहेत. स्थानिक वाहिन्यांची जुनी बातमी-फिल्मही विद्यापीठाच्या विशेष संग्रहात आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅफेटेरियात अर्ज टाकण्याआधी या संग्रहांत टाका. जो माणूस डबे उघडतो, चिठ्ठ्या वाचतो, यादी करतो, त्याला शहरातला प्रत्येक माहितीपटवाला ओळखू लागतो.

बातमीच्या फुटेजबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅमेरा कुठे उभा होता हे आधी पाहायचं. १३ मे १९८५ ला पोलिसांनी ओसेज अॅव्हेन्यूवरच्या ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय संघटनेच्या घरावर बॉम्ब टाकला. ११ माणसं मेली, त्यांत ५ मुलं. ६१ घरं जळली. त्या दिवसाचं फुटेज भरपूर आहे, कारण वाहिन्या तिथे होत्या. पण बहुतेक कॅमेरे पोलिसांच्या बाजूने होते. आदल्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत मुलं कशी खेळत होती, रविवारी चर्चला कोण काय घालून निघायचं, हे वाहिन्यांनी टिपलंच नाही. ते घरच्या सुपर ८ फिल्ममध्ये, चर्चच्या वर्धापनदिनाच्या व्हीएचएसमध्ये आणि ब्लॉक पार्टीच्या फोटोंत आहे. ज्या समाजाचे उपलब्ध शॉट बहुतेक मोर्च्याचे, आगीचे आणि अटकेचे, त्याच्या माहितीपटात तेच तेवढे लावले तर समाज पडद्यावर फक्त संकटात दिसतो. म्हणून पहिल्या रफ कटच्या (कच्च्या संकलनाच्या) आधीच घरगुती साहित्याचा शोध लागलेला हवा. नंतर तो लागतो तेव्हा रचना बसून गेलेली असते आणि ते फक्त रिकाम्या जागा भरायला वापरलं जातं.

घरगुती रिळं हातात आली की प्रोजेक्टरवर लावायची नाहीत. डबा उघडून वास घ्या: आंबट, व्हिनेगरसारखा असेल तर फिल्मचं अॅसिटेट सडायला लागलंय, ते रीळ वेगळं काढा आणि आधी स्कॅनला पाठवा. आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दातांवर फाटते; दाते नसलेला स्कॅनर लागतो. ५० फुटांचं सुपर ८ रीळ सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं, साधं ८ मिमी १६ च्या वेगाने ४ मिनिटं १० सेकंद. यावरून तासांचा आणि खर्चाचा अंदाज बांधा. स्कॅनवाल्याला सांगायचं: एका चित्राची एकच फ्रेम द्या, वेग आम्ही लावू, आणि रंग सपाट ठेवा. त्या काळचे रंग आणि प्रिंट गोऱ्या कातडीचं संदर्भचित्र धरून जुळवले जायचे, त्यामुळे काळ्या चेहऱ्यांचा तपशील सावलीत दबलेला असतो. स्कॅनमध्येच कॉन्ट्रास्ट चढवला तर तो तपशील कायमचा गेला. ग्रेडिंगमध्ये (रंग जुळवताना) पूर्ण फ्रेम उजळू नका, नुसता दाणा वर येतो. चेहऱ्यापुरता मास्क घेऊन हळूहळू उचला, आणि त्वचा राखाडी होतेय का ते पाहा.

तुमची सवय २५ फ्रेमची आहे, इथे ती मोडते. प्रोजेक्ट बहुधा २३.९७६ वर असतो, जुना व्हिडिओ २९.९७ इंटरलेस्ड, म्हणजे एकेक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांनी विणलेली. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बातम्या १६ मिमी फिल्मवर असायच्या, मग यू-मॅटिक व्हिडिओ टेप आली. फिल्म नंतर टेपवर उतरवली असेल तर क्लिप एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहा: ३ फ्रेम स्वच्छ, २ फ्रेमवर कंगव्यासारख्या रेघा, असं पाचाचं चक्र दिसलं की ते ३:२ पुलडाउन, म्हणजे २४ चित्रं ३० फ्रेममध्ये पसरलेली. तिथे इन्व्हर्स टेलिसिने करून मूळ २४ चित्रं परत मिळतात. साधं डी-इंटरलेस (नुसत्या रेघा पुसणं) मारलं तर अर्धवट मिसळलेल्या फ्रेम कायमच्या बसतात. हालचाल असलेल्या सगळ्याच फ्रेमवर रेघा असतील तर तो खरा व्हिडिओ आहे. तो मूळ स्वरूपात जपा आणि रूपांतर शेवटी चांगल्या कन्व्हर्टरने करा. १८ फ्रेमचं घरगुती फुटेज २४ ने चालवलं की माणसं एकतृतीयांश जास्त वेगाने धावतात. आजोबांचं चालणं विनोदी दिसू लागतं, आणि कुटुंबाला ते पहिल्या क्षणी खटकतं.

आवाजाचंही तसंच. १६ मिमीच्या चुंबकीय पट्टीवर आवाज चित्राच्या २८ फ्रेम पुढे असतो, ऑप्टिकलवर (प्रकाशाने छापलेल्या आवाजपट्टीवर) २६. स्कॅन करताना हे सरकवलं नसेल तर ओठ सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने चुकतात. आणि वाहिनीच्या संकलकाने तेव्हा फिल्म कापून जोडली असेल, तर प्रत्येक जोडापाशी आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ठिकाणी तुटतं. जोडाजवळचं वाक्य अपुरं वाटलं तर ते बोलणाऱ्याने अपुरं सोडलं असं समजू नका.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: लांब माहितीपटांत अजून अॅव्हिडच जास्त, छोट्या संस्थांत प्रीमियर आणि रिझॉल्व्ह. अॅव्हिडमध्ये बिन (क्लिपचे फोल्डर), शेअर्ड स्टोरेज (सामाईक साठा) आणि री-लिंक (फाइल पुन्हा जोडणं) एवढं हाताखालून गेलेलं हवं. संग्रहांकडून आधी वॉटरमार्कवाली हलकी प्रत येते. तिचा टाइमकोड (फ्रेमचा वेळ-क्रमांक) मास्टरशी जुळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक शॉटमागे संग्रहाचं नाव, त्यांचा क्रमांक, मूळ टाइमकोड, वापरलेले सेकंद, हक्काची स्थिती हे पहिल्या दिवसापासून तक्त्यात भरा, आणि तोच क्रमांक क्लिपच्या नावातही ठेवा. फाइन कटनंतर (जवळजवळ अंतिम संकलनानंतर) तीनशे शॉट डोळ्यांनी जुळवायला बसणं म्हणजे आठवडे गेले. तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: चित्रात खरोखर कुठली जागा, कुठलं वर्ष. १९६३ च्या बर्मिंगहॅमचा शॉट १९६५ च्या सेल्माच्या निवेदनाखाली (दोन्ही नागरी हक्क चळवळीतली ठिकाणं) घालणं ही या क्षेत्रातली सर्रास चूक आहे, आणि त्या गर्दीतल्या माणसाची नात प्रेक्षकांत बसलेली असू शकते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कानाला द्या. आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीला स्वतःचं व्याकरण आहे. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय असं नाही, तो नेहमी कामावर असतो. ‘शी बिन मॅरिड’ मध्ये ‘बिन’वर जोर असेल तर लग्न केव्हाच झालंय आणि ते टिकून आहे, तो जोर कटमध्ये छाटला तर अर्थ उलटतो. यंत्राने केलेल्या लेखी प्रतीवर विसंबू नका. २०२० च्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांच्या शंभरात १९ शब्द चुकले होते आणि कृष्णवर्णीय वक्त्यांच्या ३५. पेपर एडिट, म्हणजे कागदावरची जुळणी, त्या प्रतीवरून करायची म्हणजे चुकीच्या वाक्यांवर चित्रपट उभा करायचा. चर्चमधल्या बोलण्यात समोरच्यांचा ‘आमेन’ आणि ‘वेल’ हा वाक्याचाच भाग असतो, कीर्तनात टाळकऱ्यांनी उचललेल्या पालुपदासारखा. श्वास आणि पॉज काढून वाक्य घट्ट करायची टीव्हीची सवय तिथे सोडा.

हक्कांबाबत: रीळ ज्याच्या कपाटात, कॉपीराइट त्याचाच असं नाही; तो साधारणपणे चित्रण करणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. कुटुंबाशी लेखी करार करा, मूळ रीळ त्यांच्याकडेच राहील, स्कॅनची पूर्ण प्रत त्यांना मिळेल, परवानगी एकाधिकाराची नसेल. ‘फेअर यूज’वर (परवानगीविना रास्त वापराच्या मुभेवर) आधारलेला शॉट असेल तर वकिलाचं मतपत्र लागतं, नाहीतर एरर्स अँड ओमिशन्स विमा (हक्कभंगासारख्या दाव्यांसाठीचा) मिळत नाही आणि विम्याशिवाय वाहिनी चित्रपट घेत नाही. परवाने मुदतीचे घेतले की काय होतं ते ‘आइज ऑन द प्राइज’ने दाखवलं: नागरी हक्क चळवळीवरची १९८७ ची ही मालिका, फुटेज आणि संगीताचे परवाने संपल्यावर अनेक वर्षं प्रसारितच करता आली नाही, २००६ मध्ये परत आली. पैसे कमी असतील तर शॉट कमी करा, पण कायमचे आणि सर्व माध्यमांचे हक्क घ्या. आणि हरवलेल्या फुटेजच्या जागी एआयने बनवलेलं जुनाट चित्र कधीही घालू नका. या इतिहासाला नाकारणारे लोक टपून आहेत. एक खोटा शॉट सापडला की ते दहा खरे शॉटही खोटे ठरवतात.

व्हिसा. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे अभ्यासाशी संबंधित कामाच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, त्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पहिल्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं, अभ्यासाशी संबंधित बिनपगारी कामही चालतं, वस्तीतल्या संस्थांसाठी हे फार उपयोगाचं. चित्रपटाच्या बहुतेक पदव्या स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणितात) बसत नाहीत, म्हणजे २४ महिन्यांची वाढ नाही; आय-२० या विद्यापीठाच्या व्हिसा-कागदावरचा कोर्सचा संकेतांक आत्ताच तपासा. ओपीटीचा अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. तो पहिल्याच आठवड्यात करा. शिकत असताना पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) १२ महिने केली तर ओपीटी जाते. पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचं काम इथे बसून करणंही जोखमीचं आहे. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी विचारा.

त्यानंतर संकलकांचा खरा रस्ता ओ-१बी, म्हणजे चित्रपट-कलेत असामान्य काम केलेल्यांचा व्हिसा. त्याला अमेरिकेतला अर्जदार किंवा एजंट लागतो, व्यवसायातल्या संघटनांची सल्लापत्रं लागतात, आणि वकिलाला पुरावे हवे असतात. म्हणून निघण्याआधी पुण्यातच गोळा करा: श्रेयनामावलीचे स्क्रीनशॉट, करार, महोत्सवांची पत्रं, मराठी वर्तमानपत्रांतली परीक्षणं तारखेसकट. मराठी कात्रणांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं, सारांश चालत नाही.

यंत्र इथे येऊन घ्या. बजेट डिस्कवर खर्च करा. एचडी प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटला तासाला साधारण ८० जीबी लागतात, यूएचडीला ३२०. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत, आणि प्रत्येक कॉपीला चेकसम (प्रत जशीच्या तशी उतरली का ते पडताळणारा आकडा). चित्रपट पुरा झाला की न वापरलेल्या पूर्ण मुलाखती कुठल्या ग्रंथालयात जाणार हे चित्रीकरणाच्या परवानगीपत्रातच लिहून घ्या. दीड तासाच्या मुलाखतीतली चार मिनिटं पडद्यावर येतात, आणि उरलेली एका निर्मात्याच्या कपाटातल्या डिस्कसोबत मरतात.